एक डॉक्टर फिट म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, मग ड्युटीवर परत जायचं कसं

आमचे आप्पा (मोठे भाऊ) जळगाव एमआयडीसीत चटईच्या कंपनीत आहेत. मणक्याची गादी सरकली, अडीच महिने घरी. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी फिट लिहून दिलं, कंपनीच्या डॉक्टरांनी अजून महिनाभर नको म्हणून सांगितलं, आणि आप्पा डबा घेऊन गेलेले ते गेटवरून परत आले. ओट्यावर बसून म्हणे, "आते काय करानं?" घरात हप्ते चालू, पगार बंद. ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिली गोष्ट, लगेच तिसऱ्या डॉक्टरकडे पळू नका, नाहीतर दोनाचे तीन कागद होतात आणि गुंता वाढतो. आधी दोघांना नेमकं काय विचारलं गेलं ते बघा. आमच्याकडे सर्जननी एमआरआय बघितला, चालवून बघितलं, जखम बघितली, आणि फिट लिहिलं. पण आप्पा काम काय करतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, चटईची कंपनी म्हटल्यावर त्यांना वाटलं बसून मशीन बघत असतील. कंपनीच्या डॉक्टरांच्या डोळ्यासमोर मात्र प्लास्टिकच्या दाण्याची गोणी होती. म्हणजे दोघं आपापल्या जागी बरोबरच होते.

म्हणून एका कागदावर काम लिहून काढा, मनापासून सांगतो सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. मी आणि आप्पांनी रात्री बसून लिहिलं: 25 किलोची गोणी, एका शिफ्टमधे साधारण चाळीस वेळा उचलायची, कमरेतून वाकून, वर हॉपरमधे (मशीनच्या वरच्या तोंडात) ओतायची, आठ तास उभं, आठवड्याआड नाईट. मे महिन्यात शेडमधे मशीनजवळ काय उकाडा असतो ते पण लिहिलं, कारण हार्टवाल्या, बीपीवाल्या माणसाला तेच जास्त बाधतं. हाच कागद दोन्ही डॉक्टरांना दाखवा आणि नुसतं फिट-अनफिट नको, किती किलोपर्यंत, किती तास, नाईट चालेल का, किती दिवस आणि परत तपासणी कधी, असं लिहून मागा. सर्जननी कागद वाचून स्वतःच लिहिलं, सहा आठवडे 5 किलोच्या वर उचलायचं नाही. भांडण तिथंच निम्मं मिटलं.

हॉस्पिटल फाईल देत नसेल तर लेखी मागा, पेशंटने मागितल्यावर 72 तासात रेकॉर्ड द्यायचं असा डॉक्टरांसाठी नियम आहे.

मग कंपनीला अर्ज. त्यात "मी कामावर यायला तयार आहे, लाईट ड्युटी द्या" हे वाक्य पाहिजेच, आणि आपल्या कॉपीवर रिसिव्हडचा शिक्का आणि तारीख घ्या, नाहीतर नंतर म्हणतात हा माणूस न सांगता गैरहजर होता.

पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर सुट्टीचं आणि फिटनेसचं सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरकडूनच घ्या. वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या साधारण 70 टक्के मिळतात, आणि तो लाभ चालू असताना आजारी माणसाला कामावरून काढता येत नाही. डॉक्टरांचं जुळत नसेल तर तिथं मेडिकल रेफरीकडे (ईएसआयच्याच वरच्या डॉक्टरकडे) पाठवतात. सरकारी नोकरीवाल्यांचं प्रकरण सिव्हिल सर्जन नाहीतर मेडिकल बोर्डाकडे जातं. आणि कायमचं अपंगत्व आलं तर 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या कलम 20 प्रमाणे सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही, त्याच पगारावर दुसरी जागा द्यावी लागते.

एक कळकळीचं सांगणं, पैशाच्या ओढीने डॉक्टरांच्या मागे लागून फिट लिहून घेऊ नका. नाही म्हणणारा कधीकधी तुमचाच जीव वाचवत असतो.

आप्पा आता पॅकिंगला आहेत. पहिल्या दिवशी सर्टिफिकेटची झेरॉक्स खिशात ठेवायला लावली होती, आणि बरं झालं, कारण ऑफिसला माहिती होतं पण सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरला कोणी सांगितलंच नव्हतं, त्याने आल्याआल्या गोणी उचलायला सांगितली. आप्पांनी कागद काढून पुढे धरला.