सी भाषेतील स्ट्रिंग: अ‍ॅरे आणि पॉइंटर यांतील फरक

सी या प्रोग्रामिंग भाषेत अवतरणचिन्हांतील मजकुराने (स्ट्रिंगने) अ‍ॅरे (मेमरीतील सलग जागांची रांग) भरला, तर त्या मजकुराची स्वतंत्र प्रत तयार होते आणि तिच्यातील अक्षरे निर्धास्तपणे बदलता येतात. पॉइंटरला, म्हणजे मेमरीतील पत्ता साठवणाऱ्या चलाला, मात्र मूळ मजकुराचा केवळ पत्ता मिळतो, आणि तेथे काही लिहू पाहिल्यास लिनक्सवर प्रोग्राम बहुधा सेगमेंटेशन फॉल्ट (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन कोसळतो. म्हणून असा पॉइंटर कॉन्स्ट (‘बदलू नये’ असे सांगणारा शब्द) लावूनच घोषित करावा; मग चूक कोड यंत्रभाषेत आणणारा कंपायलरच दाखवतो. बाइटमधील आकार सांगणारा साइझऑफ तर हमखास फसवतो: यूटीएफ-८ (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) मधील ‘पुणे’ या शब्दाने भरलेल्या अ‍ॅरेसाठी तो मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्य बाइटसह १३ सांगतो, पण ६४ बिटी संगणकावर पॉइंटरसाठी ८, मग मजकूर कितीही लांब असो. फंक्शनला दिलेला अ‍ॅरेही तेथे पॉइंटरच होऊन पोहोचतो, त्यामुळे त्याचा आकार सोबत वेगळा पाठवावा.