आजोबांच्या फोटोतलं दुपंखी विमान कसं ओळखायचं

आमचा सदाशिव पेठेतला वाडा पाडायला निघाला, तेव्हा आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर सोला हॅट, मागे एकावर एक असे दोन पंख असलेलं विमान. घरात सगळे त्याला ‘टायगर मॉथ’ म्हणत आले होते. भिंग घेऊन तीन रविवार बसलो, तेव्हा कळलं की ते वापिटी नावाचं दुसरंच विमान आहे. तुमच्याकडेही असा फोटो असेल, तर मी गेलो त्या वाटेने जा.

अल्बमच्या काळ्या कागदाला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. पानासकट स्कॅन करा, १२०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला १२०० ठिपके). सुटा असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. तिथे पुण्याच्या लष्कर भागातल्या, म्हणजे कॅम्पातल्या, एखाद्या स्टुडिओचा शिक्का असला, तरी विमान पुण्यातच उभं होतं असं धरू नका. प्रिंट इथे निघाली, एवढंच त्यावरून कळतं. पुण्याचा लोहगावचा विमानतळ १९३९ मधला आहे, त्याआधीचा फोटो तिथला असूच शकत नाही. फोटो उलटा छापला गेलाय का, तेही पाहा. पुरुषांच्या शर्टाची बटणं त्यांच्या उजव्या हाताला असतात; ती त्यांच्या डाव्या हाताला दिसली तर निगेटिव्ह पालथी ठेवून प्रिंट काढली आहे.

आता नाक. माझ्या मते निम्मी ओळख इथेच पटते. पुढून गोल आणि सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर आलेले दिसले, तर मोजा. नऊ असतील तर ब्रिस्टल ज्युपिटर इंजिनाच्या वेस्टलँड वापिटीची शक्यता मोठी. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडला भारतीय हवाई दलाचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं, ते चार वापिटींवर. नाक लांब आणि निमुळतं असेल तर आत रोल्स-रॉइसचं केस्ट्रल इंजिन, म्हणजे हॉकर हार्ट किंवा तिचं भावंड ऑडॅक्स. ऑडॅक्सच्या धुराड्याचा लांब नळ धडाच्या बाजूने मागे जातो, आणि जमिनीवरचा निरोप उचलायला खाली आकडा असतो. टायगर मॉथचं नाक बारीक; चार सिलिंडर उलटे टांगलेले, म्हणून बाहेर दिसत नाहीत.

मग पंखांमधल्या उभ्या दांड्या. धडाजवळच्या सोडून एका बाजूला दांड्यांच्या जोड्या किती, ते मोजा. वापिटीला दोन, हार्टला आणि टायगर मॉथला एकच. आमच्या फोटोत दोन होत्या, आणि घरातली समजूत तिथेच मोडली. हार्टचा खालचा पंख वरच्यापेक्षा आखूड असतो. टायगर मॉथच्या वरच्या पंखाच्या मधोमध इंधनाची टाकी फुगलेली दिसते.

शेजारी उभा माणूस हीच मोजपट्टी. वापिटीचा पंखविस्तार सेहेचाळीस फुटांहून जास्त. टायगर मॉथचा जेमतेम २९.

वर्ष ठरवायला पंखावरची रंगीत वर्तुळं, म्हणजे हवाई दलाची खूण, बघा, पण जपून. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही, तो काळा येतो. पिवळाही गडद आणि निळा फिका. म्हणून मधला काळा ठिपका बहुधा लालच. जपानी विमानांशी गल्लत होऊ नये म्हणून १९४२ मध्ये या भागात तो लाल काढून टाकला. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आलं, १९५० पासून केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ.

शेवटी माणसाकडे या. विमानासमोर उभा प्रत्येक जण वैमानिक नसतो. इंजिन बघणारा फिटर, पंखांच्या तारा ताणणारा आणि कापड सांभाळणारा रिगर. यांच्या हातावर वैमानिकाचा जीव असे. सुरुवातीच्या भारतीय एअरमनना ‘हवाई सिपाही’ म्हणत. आमच्याकडे ‘आजोबा विमान चालवायचे’ असं सांगितलं जाई. फोटो मोठा करून पाहिला, तर त्यांचा उजवा हात पंखाच्या तारेवर होता, अंगठा आणि दोन बोटांत तार धरलेली, जणू ताण बघताहेत.

स्कॅनच्या प्रिंटमागे मी पेन्सिलीने लिहिलं: ‘वापिटी. नऊ सिलिंडर, दांड्यांच्या दोन जोड्या, दिसतात. रिगर असावेत, हा तर्क.’ दिसलेलं आणि तर्काचं वेगवेगळं लिहा. मूळ फोटो परत अल्बमात ठेवला आहे.