गोकर्णीचा निळा आणि विसरलेला कंट्रोल

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी गोकर्ण निवडली त्यामागे शास्त्र वगैरे काही नव्हतं. कुडाळजवळच्या आमच्या घराच्या गडग्यावर ती फुकट फुलते, एवढंच. विषय कागदावर मात्र देखणा होता: फुलापासून खाद्यरंग काढायचा आणि तोच रंग जंतूंनाही रोखतो का ते बघायचं. यंदा कुणी याच वाटेने निघालं असेल तर आधी माझे घोळ वाचून घ्या.

पहिला घोळ जुलैतला. पाकळ्या सुपात पसरून पडवीत ठेवल्या, तर तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर पांढरी बुरशी. आजी म्हणाली, "अगो, चुलीवयल्या माळ्यार घाल, दोन दिसांत सुकतली." सुकलीही झकास. पण धुरातली फिनॉलं स्वतःच जंतू मारतात. मग प्लेटवर दिसेल ते फुलाचं की चुलीचं, हे कसं ओळखणार? ती फुलं चहात गेली. पुढची खेप लॅबच्या ओव्हनमध्ये ४० अंशांवर सुकवली, तीही फक्त पाकळ्या. खालचा हिरवा भाग राहिला तर हरितद्रव्य उतरतं आणि निळा मळकट दिसतो.

हा निळा म्हणजे टर्नाटिन नावाची अँथोसायनिनं, फुलाफळांतली रंगद्रव्यं. लिंबू पिळलं की जांभळी होतात, खायचा सोडा टाकला की हिरवट. अँथोसायनिन टिकावं म्हणून अर्क आंबट करतात, असं वाचलं होतं. मीही पाण्यात निम्मं इथेनॉल घेऊन त्यात सायट्रिक आम्ल घातलं.

म्युलर-हिंटन अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू पसरला (द्रावातले जंतू दर वेळी सारखे असावेत म्हणून गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या मापाला जुळवून), ६ मिलिमीटरच्या विहिरी पाडल्या, अर्क भरला आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवली. सकाळी विहिरीभोवती स्वच्छ गोल, म्हणजे तिथे जंतू वाढलेच नव्हते! मी फोटो थेट घरच्या ग्रुपवर टाकला. मॅडमनी प्लेट उजेडासमोर धरली आणि विचारलं, "कंट्रोल कुठंय?"

ठेवलाच नव्हता. मग तेवढंच इथेनॉल, तेवढंच आम्ल, पण फूल नाही, अशी एक विहीर भरली. तिच्याभोवतीही जवळजवळ तेवढाच गोल. म्हणजे तीन आठवडे मी दारू घातलेल्या लिंबूपाण्याची परीक्षा घेत होते.

नंतर इथेनॉल रोटरी इव्हॅपोरेटरवर उडवलं, अर्क आम्लाशिवाय निर्जंतुक पाण्यात घेतला आणि कंट्रोलचा पीएच त्याच्याशी जुळवला. गोल लहान झाला, पण फुलाचा होता. ई. कोलाय या ग्राम-निगेटिव्ह जंतूवर काहीच नाही. या गटातल्या जंतूंना बाहेरचं आणखी एक आवरण असतं, त्यामुळे वनस्पतींच्या अर्कांना ते सहसा कमी दाद देतात. मला वाईट वाटलं, पण गाईडना अजिबात नाही.

एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारं अर्काचं सर्वांत कमी प्रमाण, काढताना आणखी एक फसगत होते. त्यासाठी वापरतात ते रिझाझुरिन हे रंगद्रव्य निळं असतं आणि जिवंत जंतू त्याला गुलाबी करतात. आपला अर्कही निळाच, आणि आंबटपणा वाढला की तोही गुलाबीकडे झुकतो! कोण कुणाचा रंग, काही कळत नाही. प्रत्येक विहिरीतला थेंब सरळ अगारवर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी काय उगवतं ते मोजा. वेळ जातो, पण भांडण मिटतं.

प्लेटवरचा निकाल पदार्थात तसाच उतरेल, या भरवशावर राहू नका. प्रथिनं आणि स्निग्धांश अर्काला धरून ठेवतात, त्यामुळे नारळाच्या दुधात वेगळी चाचणी लागते. 'नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह' हा शब्द मी प्रबंधातून स्वतः खोडला. विकायचं डोक्यात असेल तर आधी एफएसएसएआयचे, म्हणजे आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, नियम वाचा. अमेरिकेच्या एफडीएने गोकर्णीच्या अर्काला रंग म्हणून २०२१ मध्ये मान्यता दिली, पण तिथली मान्यता इथे चालत नाही.

आणि पूड ठेवायची ती तपकिरी बाटलीत, सिलिका जेलची पुडी टाकून. आमच्याकडे पावसात बरणीतलं मीठसुद्धा पाणी सोडतं.