एसआर-२२: गाडी नसताना लायसन्स परत कसं मिळवलं
कॅलिफोर्नियात बँकेचं कार्ड बदललं, गाडीच्या विम्याचा हप्ता गेला नाही, विमा बंद पडला. कळलं ते अपघातानंतर! विम्याविना अपघात, म्हणून लायसन्स वर्षभर निलंबित.

परत हवं तर एसआर-२२ लागतो. ही वेगळी पॉलिसी नव्हे; तुमचा किमान विमा चालू असल्याचं प्रमाणपत्र, तेही विमा कंपनीनंच डीएमव्हीकडे (लायसन्स देणारं तिथलं वाहन खातं) पाठवायचं. माझ्या जुन्या कंपनीनं नकार दिला. गाडी मी विकलेली, मग विमा कशाचा काढू? यातच महिना गेला, फार रडकुंडीला आले होते. शेवटी एका एजंटनं 'नॉन-ओनर' पॉलिसी सुचवली, ती गाडी नसतानाही मिळते. एसआर-२२ दाखल झाला, शुल्क भरलं, लायसन्स हातात आलं.

आता ३ वर्षं विम्यात खंड नको. विमा तुटला की कंपनी लगेच डीएमव्हीला कळवते, लायसन्स पुन्हा जातं. म्हणून मी सहा महिन्यांचे पैसे एकदमच भरते.