बत्तीस वर्षांनी परतलेला चिकुनगुन्या : पुनरागमनाचा माग कसा काढावा

डासांमार्फत पसरणारा एखादा विषाणू काही दशके दिसेनासा होतो आणि मग एका हंगामात गावेच्या गावे अंथरुणाला खिळतात, तेव्हा सगळे जण 'तो आला कुठून' असे विचारू लागतात. त्याआधी 'तो खरोखर गेला होता का' हे विचारायला हवे. विषाणू इथेच कुणाच्या लक्षात न येता फिरत राहिला असेल, तोच बाहेर जाऊन परत आला असेल, किंवा त्याच नावाचे दुसरेच घराणे नव्याने दाखल झाले असेल. माग काढायचा म्हणजे या तीन शक्यतांपैकी कोणती पुराव्यावर टिकते ते पाहायचे, आणि त्यासाठी भारतातील चिकुनगुन्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

भारतात हा आजार १९६३ मध्ये कोलकात्यात प्रथम ओळखला गेला. पुढच्या दोन वर्षांत चेन्नई, नागपूर अशा शहरांत साथी आल्या आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत मोठी साथ आली. त्यानंतर शांतता पसरली. ती इतकी गाढ होती की पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी यांनी १९८६ मध्ये हा विषाणू भारतातून नाहीसा झाल्याची नोंद केली. २००५ च्या अखेरीस मात्र आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि महाराष्ट्रात तापाचे रुग्ण वाढू लागले आणि २००६ मध्ये देशभरातील संशयित रुग्णांची संख्या सुमारे १३.९ लाखांवर गेली.

या आकड्याकडे पाहताना आधी त्यातला 'संशयित' हा शब्द पाहावा. त्या वर्षी प्रयोगशाळेत निश्चित झालेले रुग्ण दोन हजारांच्या आसपास होते, कारण तपासलेले नमुनेच सोळा हजारांच्या घरात होते. म्हणून रुग्णाची व्याख्या पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी आणि संशयित व निश्चित यांचे रकाने शेवटपर्यंत वेगळे ठेवावेत. ते एकदा मिसळले की मागाहून निवडणे अशक्य होते.

यानंतर मागे जायचे. जाहीर झालेला पहिला रुग्ण हा बहुधा पहिला रुग्ण नसतो. ज्याचा नमुना योग्य ठिकाणी पोहोचला असा तो पहिला माणूस असतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीत साथीच्या सुरुवातीच्या महिन्यांत 'चिकुनगुन्या' हा शब्द सापडण्याची अपेक्षा ठेवू नये. तिथे 'ताप, अंगदुखी', 'व्हायरल', 'संशयित डेंग्यू' अशा नोंदी असतात. एकाच घरातील तीन-चार जण आठवड्याच्या आत येऊन गेले आहेत का, आणि त्यांतील प्रौढ माणसे ताप उतरल्यावरही महिनाभराने हातापायांच्या सांध्यांची तक्रार घेऊन परतली आहेत का, हे पाहावे. मकोंडे भाषेतील 'चिकुनगुन्या' हा शब्द वेदनेने वाकलेल्या माणसाच्या चालीवरून आला आहे, आणि नोंदवहीतही हे वाकणेच शोधायचे असते. वेदनाशामक गोळ्यांची उचल कोणत्या महिन्यात वाढली हे औषधसाठ्याच्या वहीतून कळते; या वहीकडे फारसे कुणी पाहत नाही, पण ती अनेकदा साथीच्या तक्त्यापेक्षा प्रामाणिक असते. प्रत्येक रुग्णापुढे दवाखान्यात आल्याची तारीख न लिहिता ताप सुरू झाल्याची तारीख लिहावी, कारण गावांचा क्रम त्याच तारखेवर ठरतो.

रक्ताच्या चाचणीची निवडही याच तारखेवर अवलंबून असते. पहिल्या पाच दिवसांत विषाणू रक्तात असतो, तेव्हा विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी करावी आणि जनुकीय अभ्यासासाठी नमुना उणे ७० अंश सेल्सियसला जपून ठेवावा. त्यानंतर संसर्गाविरुद्ध शरीरात आधी तयार होणारी आयजीएम प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी अधिक उपयोगी पडते. आयजीजी प्रतिपिंडे मात्र वर्षानुवर्षे टिकतात आणि पुनरागमनाच्या शोधात त्यांचे मोल वेगळेच आहे. साथ येण्यापूर्वी अन्य कारणासाठी साठवलेले रक्तजलाचे (सीरमचे) नमुने मिळाले, तर ते वयोगटांनुसार तपासावेत. १९७३ पूर्वी जन्मलेल्यांतच प्रतिपिंडे आढळली आणि तरुणांत नाहीत, तर मधल्या काळात त्या भागात विषाणूचा वावर नव्हता असे म्हणता येते. मुलांमध्येही ती सापडली, तर 'नाहीसा झाला' हे विधान मागे घ्यावे लागते.

घराण्याचा निर्णय जनुकसंच करतो. या विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, सुमारे ११,८०० अक्षरांचा आहे आणि त्यात साथीच्या काळात वर्षाला ढोबळमानाने पाच अक्षरे बदलतात. नव्या नमुन्यांचा वंशवृक्ष मांडताना १९६३ आणि १९७३ चे जुने भारतीय नमुने, आफ्रिकेतील नमुने आणि शेजारच्या बेटांवरील समकालीन नमुने हे सगळे घ्यावेत. एकट्या नव्या नमुन्यांच्या वृक्षातून घराणे कळत नाही. भारतात असे केल्यावर जुने नमुने आशियाई गटात पडले आणि २००५-०६ चे नमुने पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी गटात, म्हणजे २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर सुरू होऊन हिंदी महासागरातील कोमोरोस आणि रियुनियन बेटांवर पसरलेल्या साथीच्या जवळ गेले. अर्थात जुना विषाणू दबून राहिल्याची कल्पना या साथीपुरती बाद झाली. इथे एक सावधगिरी हवी. वरच्या गतीने १९६३ ते २००६ या काळात दोनशेच्या आसपास बदल साचायला हवेत. एखादा ताजा नमुना जुन्याशी जवळजवळ अक्षरशः जुळला, तर तो शोध समजून आनंदून जाऊ नये, आधी प्रयोगशाळेतील दूषण तपासावे.

मात्र 'बाहेरून २००५ मध्ये आला' एवढे लिहून थांबणेही घाईचे ठरते. पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० मध्ये पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांतून हा विषाणू वेगळा केलेला होता, आणि पुढे त्याचा जनुकीय क्रम वाचल्यावर तोही आफ्रिकी गटातलाच निघाला. म्हणजे हे घराणे साथीच्या पाच वर्षे आधी महाराष्ट्रात पोहोचले होते. यवतच्या विषाणूपासूनच २००५ ची साथ उगवली असे यातून सिद्ध होत नाही, कारण एकाच गटातील विषाणू दोनदा येऊ शकतो. पण आगमनाचे वर्ष सांगताना एकच आकडा न देता कालखंड का द्यावा, हे यातून नेमके कळते. जुन्या कीटक-सर्वेक्षणांचे साठवलेले नमुने शोधण्यात घालवलेला आठवडा म्हणून कधी वाया जात नाही.

डासांचे सर्वेक्षण साथ चालू असतानाच करावे. शंभर घरांमागे किती भांड्यांत अळ्या सापडल्या हा ब्रेटो निर्देशांक काढावा, आणि प्रौढ माद्या जातीनुसार वेगळ्या करून त्यांची विषाणूसाठी तपासणी करावी. जातीची नोंद न करता नुसते 'एडिस' लिहिण्याची चूक महागात पडते. केरळमध्ये २००७ च्या साथीत विषाणूच्या बाह्य आवरणातील ई-१ प्रथिनात २२६ व्या जागी ॲलनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले आढळले. रियुनियन बेटावर आधीच दिसलेल्या या बदलामुळे विषाणू एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या जातीच्या डासात अधिक सहज वाढतो. हा डास रबराच्या मळ्यांत, झाडाला बांधलेल्या चीक गोळा करण्याच्या वाट्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यातही वाढतो. घरातील रांजण आणि टाक्या तपासणाऱ्या पथकाला या वाट्या दिसणारच नाहीत, म्हणून दुसऱ्या वर्षीची तपासणी-यादी पहिल्या वर्षीच्या यादीवरून उतरवून घेऊ नये. नव्या नमुन्यांचा जनुकीय क्रम हाती आल्यावर ती पुन्हा लिहावी.