‘तीन महिन्यांची शुगर’ वाचताना या चुका टाळा

रिपोर्ट हातात आला की नजर आधी एचबीए१सीवर, म्हणजे या ‘तीन महिन्यांच्या शुगर’वर जाते. आकडा ७ च्या आत असला की सगळे निर्धास्त, वर गेला की त्याच रात्री भात बंद. पण हा आकडा रक्तातली साखर थेट मोजत नाही, साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन मोजतो. रक्तातलं ग्लुकोज कुठल्याही एन्झाइमच्या मदतीशिवाय हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला चिकटतं आणि एकदा पक्कं बसलं की ती तांबडी पेशी मरेपर्यंत सुटत नाही. मधुमेहींच्या रक्तात असं वेगळं हिमोग्लोबिन आढळतं, हे तेहरानच्या सॅम्युअल रहबर यांनी १९६८ मध्ये मांडलं. म्हणजे आकडा जितका साखरेवर, तितकाच पेशी किती दिवस जगली यावरही ठरतो. गफलत होते ती इथेच.

सर्वांत मोठी चूक म्हणजे शेजारचं हिमोग्लोबिन न बघणं. समजा, एका बाईंचा एचबीए१सी ६.१ आला. प्री-डायबेटिसचा, म्हणजे मधुमेहाच्या आधीच्या पायरीचा पट्टा ५.७ ते ६.४, म्हणून घरात काळजी सुरू. पण उपाशीपोटीची साखर ९२, जेवणानंतर दोन तासांनी १२४, दोन्ही ठीक, आणि त्याच कागदावर वरती हिमोग्लोबिन ८.४, म्हणजे बरंच कमी! तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी बनतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि आकडा उगाच फुगू शकतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की कोऱ्या पेशी भराभर येतात आणि तोच आकडा उतरतो, जेवणात काहीही न बदलता. आपल्याकडे कितीतरी बायकांचं रक्त कमी असतं. त्यांना केवळ या एका आकड्यावरून मधुमेहाच्या वाटेवर नेऊन बसवणं मला अजिबात पटत नाही. आधी रक्त वाढवा, मग तपासणी पुन्हा करा.

उलटी फसगत जास्त धोक्याची. नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल, पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल किंवा किडनीच्या रुग्णाला रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतील, तर साखर वाढलेली असूनही आकडा चांगला दिसू शकतो. गरोदरपणातही तो खाली येतो, म्हणून तेव्हा ग्लुकोज पाजूनच तपासणी करतात.

विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) असलेली कुटुंबं बरीच आहेत. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये एचबीए१सीवर विसंबूच नये. वाहकांमध्ये, म्हणजे ज्यांना हा दोष एकाच पालकाकडून आला आहे त्यांच्यात, तो चालू शकतो, पण लॅबची पद्धत त्यासाठी योग्य हवी; रक्त देतानाच तसं सांगा. अशा वेळी ग्लुकोमीटरच्या नोंदी कामाला येतात, किंवा फ्रुक्टोसामीन ही रक्ततपासणी. त्यात मुख्यतः अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेली साखर मोजतात आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र कळतं. मात्र लघवीतून प्रथिनं जात असतील तर तेही खोटं कमी येतं.

औषध बदललं आणि पंधरा दिवसांत पुन्हा एचबीए१सी केलं, तर पैसे वाया. जवळपास निम्मा आकडा शेवटच्या महिन्याचा असला तरी पूर्ण बदल दिसायला तीन महिने लागतात. तपासणीआधी दोन दिवस गोड सोडूनही काही साधत नाही आणि उपाशी राहायचीही गरज नाही.

७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४. ती सरासरी रोज १५० च्या आसपास राहूनही येते आणि पहाटे ६०, जेवणानंतर २५० होऊनही येते. पहाटे घाम फुटत असेल, थरथर होत असेल, तर आकडा छान आहे म्हणून गप्प बसू नका. त्याच वेळी साखर मोजा आणि डॉक्टरांना दाखवा.

परदेशातल्या नातेवाइकांचा रिपोर्ट वाचताना एकक बघा. इंग्लंडमध्ये टक्क्यांऐवजी मिलिमोल प्रति मोल लिहितात. तिथले ४८ म्हणजे आपले ६.५ आणि ५३ म्हणजे ७.