मल्टिप्लायरवरचा गुंतवळ: या चुका टाळा

दसरा झाला, समुद्र निवळला की तळाशीलच्या पुळणीवर मासे गरवायला रॉड घेतलेली मंडळी दिसायला लागतात. आणि थोड्या थोड्या वेळाने तोच आवाज येतो, सर्रर्र आणि मध्येच खट्ट. टोकाला वजन म्हणून बांधलेलं शिसं वीस-पंचवीस मीटरवर धप्पकन पडतं आणि फेकणारा मान खाली घालून रीलवर वाकतो. पुढचा अर्धा तास तो नखांनी तंगूस, म्हणजे गरवायची नायलॉनची दोरी, उचकटत बसणार, आणि तेवढ्यात भरतीची चांगली वेळ निघून जाणार. इतकी वर्षं गरवतोय, लोकांच्या चुका मात्र त्याच आहेत. त्यातली प्रत्येक टाळता येते, म्हणून जास्त वाईट वाटतं.

गुंता का होतो ते आधी समजून घ्या. स्पिनिंग रीलमध्ये फेकताना स्पूल, म्हणजे तंगूस गुंडाळायची चकरी, जागचं हलत नाही, तंगूस त्याच्या कडेवरून सुटत जातो. मल्टिप्लायर या प्रकारच्या रीलमध्ये स्पूल स्वतः फिरतं. शिसं तंगूस ओढतं आणि तंगूस स्पूलला फिरवतो. हवेत गेलेल्या शिशाचा वेग क्षणाक्षणाला कमी होत असतो, पण एकदा वेग घेतलेलं स्पूल तेवढ्या लवकर मंदावत नाही. शिशाला हवा त्यापेक्षा जास्त तंगूस स्पूलवरून सुटू लागला की तो वर फुगतो, फुगलेली वेटोळी फिरत्या स्पूलवर उलटी ओढली जातात आणि केसांचा निघावा तसा गुंतवळ तयार होतो. खाली सांगितलेली प्रत्येक चूक शेवटी इथेच येऊन मिळते.

ब्रेक काढून फेकण्याची घाई

या चुकीचा मला खरंच राग येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मल्टिप्लायरच्या बाजूच्या झाकणाआड दोनपैकी एका प्रकारचे ब्रेक असतात. एका प्रकारात लहान ठोकळे असतात. स्पूल जोरात फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि कड्यावर घासून वेग आवरतात. दुसऱ्या प्रकारात चुंबक असतात आणि बाहेरच्या चकतीने ते जवळ-लांब करता येतात. नवशिका माणूस कुठे तरी ऐकतो की ब्रेक काढले की लांब जातं. ते खरंही आहे, पण ज्याचा अंगठा ब्रेकचं काम करायला शिकलाय त्याच्यासाठी.

एका दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला होता. हातात नवं कोरं रील. मी आमिष लावत होतो, तेवढ्यात त्याने झाकण उघडून दोन्ही ठोकळे काढले आणि बेअरिंगमध्ये पातळ तेल सोडलं. "मामा, आता बघ शंभर मीटर," म्हणाला. दुपारचे साडेतीन वाजलेले, खारा वारा थेट तोंडावर. टोकाला दीडशे ग्रॅमचं शिसं आणि शॉक लीडर, म्हणजे फेकीचा झटका सोसणारा जाड तंगूस, न लावता थेट ०.३५ मिलिमीटरचा तंगूस. मी "थांब" म्हणेपर्यंत त्याने रॉड फिरवला. हात जरा उशिरा सुटला, स्पूल पहिल्याच झटक्यात फुगून जाम झालं, तंगूस तुटला आणि शिसं डावीकडे सुटलं. डावीकडे रापणकर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. शिसं त्यांच्यापासून आठ-दहा हातांवर वाळूत घुसलं. एक म्हातारे रापणकर सावकाश वाकले, शिसं उकरून काढलं आणि चालत येऊन भाच्याच्या हातात ठेवलं. "झिला, ह्यां डोक्यात बसलां असतां तर?" एवढंच बोलले. त्या दिवशी आम्ही पुन्हा रॉड उचलला नाही.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी पहिला महिनाभर सगळे ब्रेक लावूनच फेकायला लावतो. चुंबकाचं रील असेल तर चकती शेवटच्या आकड्यावर. पन्नास-साठ मीटर जाईल. जाऊ दे. चोणक आणि तांबोशी पहिल्या लाटेमागच्या खोलगट पट्ट्यातही चरायला येतात, त्यांच्यासाठी शंभर मीटर कशाला हवेत? ओळीने वीस फेकी स्वच्छ गेल्या की ब्रेक एकच पायरी कमी करायचा. आणि शॉक लीडर कधीही विसरायचा नाही. शिशाच्या दर औंसाला लीडरची ताकद दहा पौंड धरायची. दीडशे ग्रॅम म्हणजे साधारण पाच औंस, तर लीडर पन्नास पौंडांचा. फेकायच्या तयारीत उभं असताना लीडरचे निदान पाच-सहा वेढे स्पूलवर राहिले पाहिजेत. लीडरची गाठ स्पूलच्या कडेला, अंगठ्यापासून दूर बसवा, नाहीतर अंगठा सोलून निघेल.

स्पूलच्या टोकाला एक छोटी मळसूत्री टोपी असते, तिचंही तेवढंच सांगतो. शिसं बांधून स्पूल धरून ठेवणारा क्लच मोकळा करा. शिसं सावकाश खाली उतरलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबलं पाहिजे. तोवर टोपी आवळा. हात बसल्यावर मी ती सैल करतो, स्पूलला केसभर आडवी हालचाल ठेवतो आणि बाकीचं काम ब्रेकवर सोपवतो. सुरुवातीला मात्र आवळलेलीच बरी.

वारा न बघणं

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, म्हणजे आपल्या पाठीवर. ऊन चढलं की खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तो चांगलाच जोर धरतो. तोंडावरच्या वाऱ्यात शिशाचा वेग जास्त लवकर मरतो, स्पूलला त्याचा पत्ता नसतो. सकाळी बरोबर चाललेलं रील दुपारी गुंते देतं ते यामुळे. लोक रीलला शिव्या घालतात आणि दुरुस्तीला देतात. ब्रेक दोन आकडे वाढवा, शिसं लांबट आकाराचं घ्या आणि फेक कमी उंचीची ठेवा. नवीन माणसाने शिकायला पहाटेच जावं. दुपारच्या वाऱ्यात मल्टिप्लायर शिकणं म्हणजे उधाणात पोहायला शिकणं.

स्पूल काठोकाठ भरणं. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरलेलं स्पूल हाताला आवरत नाही.

सैल आणि ओबडधोबड गुंडाळणं

गुंता फेकताना दिसतो, पण बहुतेक वेळा तो आधीच्या वेळी गुंडाळतानाच तयार झालेला असतो. पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकणारा माणूस कधी नीट बघा. पाग फेकायला त्याला दोन क्षण लागतात, पण त्याआधी तो खांद्यावर, कोपरावर, बोटांत घडी न् घडी लावून घेतो. लावण्यात एक घडी चुकली तर पाग गोल उघडत नाही, हे त्याला माहीत असतं. मल्टिप्लायरचं अगदी तसंच आहे.

किनाऱ्यावरून लांब फेकायच्या बऱ्याच रीलना दोरी आपोआप पसरवणारी सरकपट्टी नसते. पसरवण्याचं काम डाव्या अंगठ्याचं. लोक गप्पा मारत हँडल फिरवतात, तंगूस मधेच डोंगरासारखा साचतो आणि पुढच्या फेकीत तो डोंगर कोसळतो. दुसरी गोष्ट ताणाची. शिसं लाटेबरोबर आपल्याकडे येत असतं तेव्हा तंगूस सैल येतो. या रीलचं हँडल एकदा फिरवलं की स्पूल पाच-सहा वेळा फिरतं, मल्टिप्लायर हे नाव त्यावरूनच पडलंय. म्हणजे दहा वेळा हँडल फिरवेपर्यंत पन्नास-साठ सैल वेढे स्पूलवर बसलेले असतात. पुढच्या फेकीच्या झटक्याने वरचे वेढे या सैल थरात रुततात आणि शिसं हवेत असतानाच स्पूल अडकतं. मी तंगूस नेहमी ओल्या फडक्यातून, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून गुंडाळतो. वाळूही पुसली जाते. शिसं लाटेबरोबर धावत आलं तर चार पावलं मागे सरतो, पण सैल गुंडाळत नाही.

ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी पहिल्या वर्षी नकोच. ती बारीक असते, खालच्या थरात रुतते आणि अंगठा कापते.

झटका मारणं. ताकद सुरुवातीलाच ओतली की स्पूल एकदम उसळतं. सुरुवात संथ, जोर शेवटी. धिप्पाड मंडळींना हे सांगून पटत नाही. त्यांच्या शेजारी बारीक चणीचा म्हातारा वीस मीटर पुढे टाकतो तेव्हा पटतं.

अंगठा उशिरा टेकवणं

शिसं पाण्याला लागलं की ओढ संपते, स्पूल मात्र फिरत असतं. पाण्याला लागायच्या किंचित आधी अंगठा हलकेच टेकवायचा आणि लागताच घट्ट दाबायचा. दिवसा डोळ्यांना दिसतं, रात्री दिसत नाही. म्हणून दिवसा फेकताना मनात आकडे मोजायची सवय लावा, काळोखात तोच आकडा कामाला येतो. ओल्या अंगठ्याखालून स्पूल फेकायच्या आधीच निसटतं, त्यासाठी मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा अंगठ्यावर चढवतो.

गुंता कधी झाला हे बघितलं की चूक सापडते. फेकल्या फेकल्या झाला तर झटका किंवा ओबडधोबड गुंडाळणी, मध्यावर झाला तर वारा किंवा कमी ब्रेक, शेवटी झाला तर अंगठा.

गुंता ओरबाडून काढणं आणि तसंच पुढे फेकणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती मला अजून टोचते.

विजयदुर्गला, वाघोटन खाडीच्या मुखाशी, पहाटेची वेळ. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, पाण्याला फारशी ओढ नव्हती. दुसऱ्याच फेकीला गुंता झाला. फटफटायला लागलं होतं, हीच खायची वेळ, म्हणून मी टोक धरून जोर लावला आणि तंगूस खेचून मोकळा केला. एका जागी तो पांढरट आणि चपटा झालेला दिसला. चालेल म्हणालो आणि फेकलं. दोन फेकींनंतर चोणक लागला, मोठा. पाण्याबाहेर पूर्ण उसळला, गालफडं उघडून डोकं झटकलं, आणि तंगूस त्याच पांढऱ्या जागी तुटला. मासा गेला याचं दुःख आहेच. पण तो तोंडात गळ आणि मागे कित्येक मीटर तंगूस घेऊन गेला, ते जास्त लागलं. दहा मिनिटं दिली असती तर त्याच्यावर ती वेळ आली नसती.

आता गुंता झाला की मी आधी खाली बसतो. स्पूल अंगठ्याने घट्ट दाबून हँडल दोन-तीन वेळा फिरवतो, मग क्लच सोडून तंगूस हलकेच ओढतो. साधा गुंता बऱ्याचदा एवढ्यानेच सुटतो. नाही सुटला तर क्रोशाच्या सुईने वेटोळी एकेक करून वर काढायची. टोक ओढायचं नाही, ओढलं की गाठ आवळते. मोकळा झालेला सगळा तंगूस दोन बोटांच्या नखांतून फिरवायचा. कुठे खरखर लागली, कुठे चपटेपणा जाणवला, तर तिथून पुढचा कापून टाकायचा आणि लीडर नव्याने बांधायचा. पंधरा मीटर तंगूस गेला तर गेला.

घरी आलं की रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. मीठ आणि वाळू ब्रेकच्या ठोकळ्यांत बसली की ते कधी धरतात, कधी धरत नाहीत, आणि मग वरची सगळी काळजी वाया जाते.

कापलेला तंगूस पुळणीवर टाकू नका. हिवाळ्यात याच किनाऱ्यांवर, वेळासपासून वायंगणीपर्यंत, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि पाण्यात गेलेला नायलॉन कित्येक वर्षं कुजत नाही. माझ्या पिशवीत गोळ्यांची एक रिकामी डबी असते. छोटे छोटे तुकडे करून त्यात भरतो आणि घरी नेतो.